रीळ संपेपर्यंत

बरखेडा, भोपाळ
१८ सप्टेंबर १९८८

सुधावहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडणार असाल तर निदान एवढं वाचा: कोणी आजारी नाही आणि कोणाला काही नको आहे.

दादाचा सिनेमा लोक पुन्हा पाहायला लागले आहेत. 'बावडी का पहरेदार'. तोच, ज्याच्यापायी त्याने इथल्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून मुंबई गाठली आणि तुम्ही लहानग्या हेमंतला घेऊन नागपूरला माहेरी गेलात. तेव्हा इथे तो आठवडाभर कसाबसा चालला होता. तुम्ही पाहिला नाहीत. मी पाहिला. रिकाम्या थिएटरात पंख्यांचाच आवाज जास्त होता.

तर आता त्याची कॅसेट निघाली आहे. पिपलानीच्या मार्केटात व्हिडिओ लायब्ररी आहे, तिथून इंजिनिअरिंगची मुलं ती सारखी नेतात. सगळा सिनेमा नाही हं, दादाचा भाग बघतात. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. दादा झालाय मंगल, एका पडक्या विहिरीचा पहारेकरी. भूत त्याला पायऱ्यांवर गाठतं. "मालिक, बावडी प्यासी है!" असं ओरडून तो पडतो, उठतो, पुन्हा पडतो. मरायला फार वेळ लावतो. मुलांना तो सीन तोंडपाठ आहे.

त्यातल्या कोणाला तरी कळलं की मंगल इथेच, टाउनशिपमध्ये बहिणीच्या क्वार्टरमध्ये राहतो. मागच्या रविवारी दोघं आले. मोहन नावाचा मुलगा आपल्यातलाच आहे, मूळचे इंदूरचे, घर कोटरा सुल्तानाबादला. दुसरा अशोक, तो हिंदीवाला. दोघं दादाच्या पाया पडले, सही घेतली. दादाने मला दोनदा चहा करायला लावला आणि दोन्ही वेळा तो प्यायचं विसरला.

हेमंतला सांगा. एवढ्यासाठीच लिहिलं.

रत्नप्रभा


बरखेडा
९ ऑक्टोबर १९८८

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. 'हेमंतची परीक्षा आहे. त्या सिनेमाबद्दल पुन्हा लिहू नये.' दोनच वाक्यं, पण आली. मी लिहिणार आहे. मला इथे दुसरं कोणी नाही जिला हे कळेल.

मुलं आता दर रविवारी येतात. व्हीसीआर भाड्याने आणतात आणि आमच्या पुढच्या खोलीत सिनेमे लावतात. कुठेच न चाललेले, कोणी नाव न ऐकलेले. यांना तेच आवडतात. एकात डाकूंच्या घोड्यांच्या मानेवर टांग्याच्या साजाचे वळ दिसतात. एकात हिरोचा जुळा भाऊ मरतो आणि पुढे दिग्दर्शकच विसरतो की मेला कोण. मग यांच्या चर्चा. कोणता जास्त वाईट, कोणता इतका वाईट की चांगला. पैजा लावतात.

परवा एक होता, त्यात पत्र्याचा राक्षस शहर उद्ध्वस्त करतो. मुलं हसून जमिनीवर लोळत होती. दादा म्हणाला, "जरा थांबवा रे. मागे घ्या."

मागे घेतलं.

"मानेपाशी बघा. पत्र्याच्या फटीतून कापड दिसतंय, ओलं आहे. आत माणूस आहे. भर उन्हाळ्यात शूटिंग केलंय. त्याला आतून काही दिसत नाहीये, म्हणून पाय असा चाचपडत टाकतो. तुम्हाला वाटतं राक्षस वाईट चालतोय. तो बिचारा पडू नये म्हणून चालतोय."

अशोक मग म्हणाला, "सर, आपने तो पिक्चरही बदल दी."

दादाला इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, वहिनी. त्याच्या लग्नातसुद्धा नाही. माफ करा, पण खरं तेच आहे.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी लिहिलं की मुलं पाया पडतात. ते खरं, पण तेवढंच खरं नाही. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर भाजी घ्यायला पिपलानीला गेले होते. व्हिडिओ लायब्ररीसमोर घोळका होता. मधोमध अशोक गळा धरून मरत होता. पडत होता, उठत होता, डोळे फिरवत होता. हुबेहूब दादा. दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकून हसत होता आणि मोहन टाळ्या वाजवत होता.

मोहनने मला पाहिलं. मागे धावत आला.

"आत्या, आम्ही चेष्टा करतो, पण सरांवर प्रेमपण करतो."

"दोन्ही एकदम कसं करता रे?"

तो ओशाळला. म्हणाला, "माहीत नाही. पण दोन्ही खरं आहे, आत्या. कसम से."

दादाला सांगावं की नाही? तुम्ही त्याची बायको आहात, अजूनही. तुम्ही सांगितलं असतं का?

रत्नप्रभा


बरखेडा
६ नोव्हेंबर १९८८

वहिनी,

उत्तर आलं नाही. मी दादाला सांगितलंही नाही. आता सांगायची गरज उरलेली नाही.

मुलांनी टाउनशिपच्या क्लबमध्ये सिनेमाचा शो ठेवला, मोठ्या पडद्यावर, रविवारी दुपारी. दादा प्रमुख पाहुणा. त्याने केसांना कलप लावला, बंदगळ्याचा कोट पेटीतून काढून मला इस्त्री करायला लावला. आठवडाभर माझ्यासमोर भाषणाची तालीम करत होता.

हॉल खच्चून भरला होता. कॉलेजची मुलं होतीच, पण कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझ्याबरोबर हजेऱ्या लावणारे लोकही बायकामुलांसकट आले होते. नावं पडद्यावर यायला लागली तेव्हापासूनच हशा. दादा पहिल्या रांगेत, गळ्यात हार. पहिल्यांदा हशा पिकला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, जणू दुसऱ्याच कशाला तरी हसले असतील. मग वळून पाहिलं नाही.

तो सीन आला आणि अख्खा हॉल उठून मरायला लागला. खरंच सांगते. माणसं खुर्च्यांवरून घरंगळत होती, गळे धरत होती. आमच्या साहेबांच्या बायकोने नवऱ्याच्या मांडीवर जीव सोडला. मी फक्त दादाच्या मानेकडे बघत होते. ती हलली नाही.

दिवे लागल्यावर अशोकने माइकवरून पुकारलं, "सर, एक बार मर के दिखाइए!" शिट्ट्या, टाळ्या. दादा वर गेला. भाषण खिशातच राहिलं. तो म्हणाला, "दिग्दर्शक मला म्हणाले होते, कॅमेऱ्यात जेवढं रीळ आहे ते संपेपर्यंत मरत राहा. जास्तीचं नंतर कापू. मी मरत राहिलो. कापायचं मात्र राहून गेलं. आज मी तुम्हाला कापलेलं दाखवतो."

मग तो स्टेजच्या पायरीवर बसला. हातात नसलेला कंदील बाजूला ठेवला. शेजारची पायरी तळहाताने पुसली, कोणी येऊन बसणार असल्यासारखी. तिकडे बघून जरा हसला आणि मान टेकली. बस, एवढंच.

हॉल गप्प झाला. मी तुम्हाला कसं सांगू, सगळा हॉल गप्प झाला होता. माझ्या शेजारच्या बाईने तोंडावर पदर धरला होता.

तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "मालिक, बावडी प्यासी है!"

आणि हॉल फुटला.

दादा उठला. मला वाटलं, खाली उतरेल. नाही. त्याने गळा धरला आणि पहिल्यासारखा मरायला लागला. पडला, उठला, पडला. छप्पर उडेल असं हसले लोक. उठून उभे राहिले.

परत येताना टेम्पोत मी रडत होते. तो घामाघूम, धापा टाकत होता. म्हणाला, "रत्ना, कुठलं जास्त चाललं, पाहिलंस ना?"

रत्नप्रभा


बरखेडा
२ डिसेंबर १९८८

वहिनी,

पहिल्याच पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. कोणी आजारी नाही असं लिहिलं. दादा चार वर्षं आजारी आहे.

मुंबईहून हात हलवत परत आला तेव्हा तो माझ्याकडे नाही आला. स्टेशनजवळ खोली घेतली. बहिणीच्या घरी काय तोंड दाखवू, म्हणायचा. गॅस सुटला त्या रात्री तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी मला सापडला. तेव्हापासून माझ्याकडे आहे. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं जाळी झाली आहेत, जिनेसुद्धा चढू देऊ नका.

आणि हा माणूस जागोजागी जाऊन मरतोय. क्लबातल्या शोनंतर आमंत्रणंच आमंत्रणं. हॉस्टेलं, कोटऱ्यात कोणाच्या तरी लग्नाचं रिसेप्शन, एका साहेबांच्या मुलाचा वाढदिवस. वाढदिवसाला, वहिनी! केक कापल्यावर मंगलचं मरण. घरी येतो तो ओठ निळे पडलेले, पायऱ्यांवरच बसून राहतो. आत यायला दम पुरत नाही.

मी म्हटलं, "दादा, हे तुला हसतात."

"मला माहीत नाही असं वाटतं का तुला?" तो म्हणाला. "त्या दिवशी मी चांगलं काम करून दाखवलं. दाखवलं ना? ते त्यांना नको. हे हवंय. नटाने लोकांना काय हवं ते बघायचं असतं."

मागच्या रविवारी मुलं न्यायला आली, तेव्हा मी फाटकातच अडवलं. पुन्हा येऊ नका म्हणाले. त्याचा जीव जाईल, ते पाप तुमच्या डोक्यावर राहील. मोहनने मान खाली घातली. अशोक सॉरी म्हणाला. गेले. पुन्हा आले नाहीत.

दादा तेव्हा आत कपडे करत होता; मग बंदगळा घालून खिडकीत येऊन बसला. अंधार पडल्यावर विचारलं, "आले नाहीत?" मी खरं सांगितलं.

तो ओरडला नाही. म्हणाला, "म्हणजे आता घरातच मरायचं. तिथे निदान टाळ्या तरी पडत होत्या."

त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. ताट समोर ठेवते, तसंच उचलते.

मी चूक केली का हो? तुम्ही त्याला सोडलंत. मला कधीतरी वाटायचं, वहिनींनी घाई केली. आता वाटतं, तुम्हाला त्याच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

रत्नप्रभा


बरखेडा
८ जानेवारी १९८९

वहिनी,

तुमचं चार ओळींचं पत्र मी किती वेळा वाचलं. 'तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. पण त्याला ते कधीच पटणार नाही.' एवढ्याने मला रडू आलं.

दादा खात नव्हता. शेवटी मीच हॉस्टेलवर गेले. म्हटलं, या, त्याला बोलवा, मरायचा सीन बसूनच करायला सांगा, काही तरी करा. खोलीत बरीच मुलं टीव्हीभोवती कोंडाळं करून बसली होती. नवीन सिनेमा होता, त्यात एक बाई रबरी सापाशी लग्न करते. सगळे तिचे डायलॉग म्हणत होते. अशोकने मला खुर्ची दिली, पाणी आणलं. मी बोलणं काढलं तर म्हणाला, "आंटी, वो पिक्चर तो अब पुरानी हो गयी. अब सब इसके पीछे हैं." वाईट मुलगा नाही तो. त्याला खरंच वाटलं की मला आनंद होईल.

मोहन मात्र आला. एकटाच, दुसऱ्या दिवशी. दादा पलंगावरून उठला. मी नको नको म्हणत होते. मधल्या खोलीत मोहनला खुर्चीवर बसवून त्याने सुरू केलं. पडला. उठताना त्याने पलंगाचा दांडा धरला आणि मोहनकडे पाहिलं. मोहनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दादा थांबला. मला म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी बोलला तो हे बोलला: "ह्याला परत पाठव. रडणारा प्रेक्षक घरात आहेच माझ्या."

त्याच संध्याकाळी त्याला शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात, हमीदियाला हलवावं लागलं. भाऊ माझ्या नोकरीच्या कागदांत बसत नाही, म्हणून टाउनशिपच्या हॉस्पिटलात ठेवता येत नाही. ऑक्सिजन लावला आहे. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत, आणि मीही आता विचारत नाही.

वहिनी, हेमंतला पाठवा. तुम्ही येऊ नका, तुम्हाला मी ते कधीच म्हणणार नाही. पण त्याला पाठवा. भांडायला आला तरी चालेल.

रत्नप्रभा


बरखेडा
२० जानेवारी १९८९

वहिनी,

तार मिळाली असेल. काल सकाळी दादा गेला. मी जवळ होते. चहावाला वॉर्डात आला होता, दादाने त्याच्याकडे पाहिलं, आणि मी पैसे काढून वर बघते तो संपलं होतं. तुम्हाला सांगू? एका श्वासात गेला. दुसरा घेतलाच नाही.

अग्नी मीच दिला. गुरुजी जरा कुरकुरले. मोहन आला होता. इतर मुलं प्रॅक्टिकलमुळे येऊ शकली नाहीत.

रत्नप्रभा


बरखेडा
१२ फेब्रुवारी १९८९

वहिनी,

तुम्ही विचारता, हेमंत भोपाळहून आला तेव्हापासून गप्प आहे, वडील गेल्याची तार वाचूनही काही बोलला नाही, तिथे नेमकं काय झालं. तो स्वतः सांगेल म्हणून मी थांबले होते. तो सांगत नाही, तर मी सांगते.

दादा जायच्या काही दिवस आधीची गोष्ट. दुपारी वॉर्डाच्या दारात एक मुलगा उभा होता. कपाळ तुमचं. मी लगेच ओळखलं. उठायला गेले तर त्याने मान हलवली, नको म्हणून. सरळ पलंगापाशी गेला.

"सर, मी तुमचा फॅन आहे," तो म्हणाला. "नागपूरहून आलोय."

दादाने तोंडावरचा मास्क काढला. त्याने मुलाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता, वहिनी. आता मिशा आहेत, चष्मा आहे. दादाने ओळखलं नाही. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, अजिबात ओळखलं नाही.

"सिनेमा पाहिलास?"

"मित्रांच्या हॉस्टेलवर. खूपदा."

"हसलास?"

मी पलंगाची कड घट्ट धरली.

"हसलो," हेमंत म्हणाला.

"कुठे?"

"तिसऱ्यांदा उठता तेव्हा. पहिल्यांदा उठता तेव्हा वाईट वाटतं. दुसऱ्यांदा राग येतो, की हा माणूस एकदाचा मरत का नाही. तिसऱ्यांदा तुम्ही पायाने चप्पल चाचपता. मरणारा माणूस चप्पल कशाला शोधेल? तिथे हसू फुटतं. आणि मग वाटतं, हसायला नको होतं."

दादा त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ती माझी स्वतःची चप्पल होती. खालच्या पायरीवर पाणी होतं, वाहून गेली असती तर अनवाणी खोलीवर जावं लागलं असतं. दिग्दर्शक केवढा ओरडला होता माझ्यावर. इतक्या वर्षांत कोणालाच दिसली नाही ती चप्पल."

"मला दिसली."

मग दोघं बोलत बसले. सगळी दुपार. मी असा संवाद ऐकला नाही कधी. हेमंत म्हणाला, बावडीच्या सीनमध्ये कॅमेऱ्याची सावली तुमच्या छातीवर पडते. दादा म्हणाला, ती सावली मला ठाऊक होती, मी मुद्दाम तिच्यात पडलो, भुताची वाटावी म्हणून. हेमंत म्हणाला, हे तुम्ही आत्ता बनवताय. दादा हसला, खोकला, म्हणाला, "हो, आत्ताच सुचलं." हेमंत म्हणाला, तुम्ही मेल्यावर सिनेमा पडतो, पुढे बघवत नाही. दादा म्हणाला, "हे मात्र लिहून दे मला."

भेटीची वेळ संपली. हेमंतने जाताना दादाच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. नमस्कार केला नाही.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला म्हटलं, "मी त्याला सांगते तू कोण ते."

"नको आत्या. मी भांडायलाच आलो होतो. काय काय बोलायचं ते सगळं गाडीत ठरवलं होतं. दारात त्यांना पाहिलं आणि वाटलं, मुलगा म्हणून आत गेलो तर मला ते सगळं बोलावं लागेल." चष्मा काढून पुसला. "उद्या पेपर आहे माझा." आणि गेला. स्टेशनवर सोडायलाही येऊ दिलं नाही.

हे त्याला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. ते त्याला सांगायचं की नाही याचा मी महिनाभर विचार करते आहे, मला ठरवता येत नाही. तुम्ही आई आहात. तुम्ही ठरवा.

मी आत आले तेव्हा दादा दाराकडेच बघत होता.

"कुठला म्हणाला गं हा?"

"नागपूरचा."

"हुशार आहे. बघायला कळतं त्याला." मग डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. "नागपूरला माझा मुलगा आहे. एवढाच असेल आता. त्याला असा सिनेमा कळत असेल का, रत्ना?"

मी म्हटलं, "कळतो, दादा."

त्याने मास्क लाव म्हणून खूण केली, आणि मी लावला.

तुमची
रत्नप्रभा